काळ्या मोहऱ्यांसाठी कोणतं ओपनिंग?

विश्रामबाग, सांगली

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. पत्र मिळालं. काळ्याने खेळायला नायडॉर्फ (ई४ ला सी५ असं उत्तर देणाऱ्या सिसिलियन ओपनिंगचा, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरीव चालींचा, एक प्रकार) शिकायला घेतोयस हे वाचलं आणि राहवेना, लगेच लिहायला बसलो.

नायडॉर्फला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. फिशर, कास्पारोव्ह यांच्यासारखे जगज्जेते तीच खेळले. पण पाचव्या चालीला काळ्याचं प्यादं ए६ वर आलं (अक्षर म्हणजे उभी पट्टी, आकडा म्हणजे आडवी ओळ; नुसतं घर लिहिलं की चाल प्याद्याची) की पांढऱ्यापुढे सात-आठ वाटा असतात आणि प्रत्येकीची तयारी वेगळी. एवढं पाठ करून जावं, तर क्लबातला गडी दुसऱ्याच चालीला सी३ करतो, नाहीतर घोडा सी३ वर काढतो. म्हणजे नायडॉर्फ पटावर येतच नाही! बँकेतून साताऱ्याच्या घरी संध्याकाळी सातला पोचणाऱ्या माणसाने इतका वेळ कुठून आणायचा?

माझं ऐकशील तर कारो-कान हे ओपनिंग धर. ई४ ला सी६, मग डी४ ला डी५. पांढऱ्याने ई५ ढकललं की सी८ चा उंट लगेच एफ५ वर, आणि मगच ई६. फ्रेंचमध्ये (ई४ ला ई६ असं उत्तर) प्याद्यांची रचना जवळपास हीच, पण हाच उंट ई६ च्या मागे कोंडतो आणि डावभर त्याची काळजी वाहावी लागते. कारो-कानमध्ये तो बाहेर असतो. त्याची किंमत मोजावी लागते: पुढे सी५ करायचंच असतं, म्हणजे एका प्याद्याला दोन चाली. मधली प्यादी एकमेकांत अडकलेल्या बंद पटावर ती किंमत परवडते. आणि पुढचा बेतही उघड असतो: सी५ करून पांढऱ्याच्या डी४ वर दाब आणायचा, एक घोडा सी६ वर, दुसरा ई७ वर.

एक जागा मात्र जपायची. तिसऱ्या चालीला पांढऱ्याने ई५ ऐवजी घोडा सी३ वर काढला, तू ई४ वरचं प्यादं मारलंस, त्याने घोड्याने ई४ वर परत मारलं, आणि तू घोडा डी७ वर आणलास. आता पांढऱ्याने वजीर ई२ वर ठेवला, की दुसरा घोडा एफ६ वर काढू नकोस. पांढऱ्याचा घोडा डी६ वर येतो आणि सहाव्या चालीला मात! तुझं ई७ चं प्यादं वजिरामुळे बांधलेलं (हललं तर राजा वजिराच्या माऱ्यात येतो), म्हणून त्याला तो घोडा मारता येत नाही.

इंजिन (संगणकावरचा बुद्धिबळ प्रोग्राम) पांढऱ्याला ०.३, म्हणजे एका प्याद्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, आघाडी देतं म्हणून ओपनिंग टाकू नकोस. तुझ्यामाझ्या पातळीवर तेवढा फरक विसाव्या चालीपर्यंत एका चुकीत पुसला जातो. त्यापेक्षा आपले जुने डाव काढ, बाराव्या चालीपाशी थांब आणि इंजिन बंद ठेवून बघ: कुठलं मोहरं अडकलंय? पुढे काय करायचं ते सुचतंय का? तोवर घड्याळात किती वेळ गेला? ओपनिंगची खरी पारख मला इथेच झालेली दिसते.

१९४१ पासून नूतन बुद्धिबळ मंडळ चालवणाऱ्या या गावात मे महिन्यात खेळायला येशील, तर लहान पोरंही तयारीने बसलेली दिसतील. पाठांतरात त्यांच्याशी आपला निभाव लागणं कठीण. ओळखीच्या पटावर आपण त्यांना झुंजवू शकतो.

पांढऱ्याने तुझं स्कॉच ओपनिंग चाललंय ते चालू दे. काळ्याने हरलेले डाव आधी पाठव, जिंकलेले नंतर पाहू. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
सांगलीकर