रामटेकच्या वाकाटक मंदिरांना सिमेंट आणि ऑइलपेंट लागू देऊ नका

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

रामटेकच्या गडावर ‘केवल नरसिंह’ नावाच्या मंदिरात १९८० च्या दशकात भिंतीवरचा जुना गिलावा काढला, तेव्हा खाली पाचव्या शतकातला, विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटक घराण्याचा शिलालेख निघाला. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी आणि वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिने नवरा गेल्यावर लहान मुलाच्या वतीने नंदिवर्धनहून, म्हणजे आपल्या नगरधनहून, राज्य चालवलं. तिला पुण्य लाभावं म्हणून तिच्या मुलीने देऊळ बांधलं, असं अभ्यासक या लेखावरून सांगतात. लेकीने आईसाठी उभारलेलं देऊळ नागपूरपासून तास-दीड तासावर आहे, आणि नागपुरातल्या कितीजणांना हे ठाऊक आहे?

साहेब, तो गिलावा चुन्याचा होता म्हणून अक्षरं हाती लागली. सिमेंट थापलं असतं तर काढताना दगडाचा पापुद्राच निघाला असता. इथला दगड लाल वालुकाश्म, पाणी पिणारा. त्यावर ऑइलपेंट चढवला की ओल आत कोंडते, क्षार फुगतात आणि पृष्ठभाग सुटून येतो. नरसिंहाचा वर आलेला गुडघा, त्यावर टेकलेला हात, चक्र हे सगळं त्या वरच्या थरातच कोरलेलं आहे. तो गेला की मूर्ती उरते, शिल्प जातं.

पूजा थांबवा असं मी मुळीच म्हणत नाही. गडावरच्या वराहाच्या मूर्तीच्या पोटाखालून सरपटत जाणारे भाविक पिढ्यान्‌पिढ्या येताहेत, येत राहोत. धास्ती आहे ती ‘सुशोभीकरण’ या नावाने निघणाऱ्या टेंडरची. फरशा, ग्रॅनाइट, रंगरंगोटी यांचा खर्च दाखवायला सोपा असतो. दगडाच्या जाणकाराचा सल्ला मात्र अंदाजपत्रकात कुठेच नसतो.

माझी मागणी साधी आहे. पुरातत्त्व विभागाच्या संवर्धनतज्ज्ञाची लेखी परवानगी असल्याशिवाय गडावरच्या केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह या दोन्ही मंदिरांत, वराह आणि त्रिविक्रमाच्या (तीन पावलांत जग मापणाऱ्या विष्णूच्या) मंडपांत कोणतंही काम होऊ नये, असा आदेश काढा. हात तुटलेल्या त्रिविक्रमाला नवे हात बसवण्याचा उत्साह कुणी दाखवू नये, हेही त्यात लिहा. शिलालेखाचे ठसे आणि बारकाईचे फोटो आत्ताच करून घ्या, आणि त्याचा मराठी अर्थ मंदिराच्या बाहेर फलकावर लावा. रामटेकजवळच्या मनसरची शिवमूर्ती पाहायला आम्हाला दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय गाठावं लागतं. रामटेकच्या मूर्ती तरी जागेवर आहेत.

पावसाळ्याआधी आदेश निघाला तर बरं होईल.

आपला,
नागपूरचा एक रहिवासी