प्रथिन साचले म्हणजे स्मृती गेली, असे नव्हे

महोदय,

अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या आजारात मेंदूत साचणाऱ्या प्रथिनांचा माग रक्ताच्या तपासणीतून लागतो, हे वाचल्यापासून आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर ‘आपणही एकदा करून टाकू’ अशी चर्चा सुरू आहे. ही घाई अनाठायी वाटते, म्हणून हे पत्र.

ज्यांच्या नावाने हा आजार ओळखला जातो, त्या अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ मध्ये ऑगस्टे डेटर या रुग्णाच्या मेंदूतील जे बदल मांडले, त्यांत पेशींबाहेर साचलेले पुंजके आणि पेशींच्या आत झालेला तंतूंचा गुंता, असे दोन प्रकार होते. पहिल्यात अमायलॉइड बीटा आणि दुसऱ्यात टाऊ हे प्रथिन असते, हे बऱ्याच नंतर उलगडले. विस्मरणाशी अधिक जवळचा संबंध दिसतो तो टाऊचा. अमायलॉइड मात्र लक्षणांच्या कितीतरी वर्षे आधीपासून साचू लागते, आणि ते साचूनही अनेकांची स्मृती अखेरपर्यंत शाबूत राहते. अमेरिकेत ६७८ वृद्ध ननच्या प्रसिद्ध अभ्यासातील एक भगिनी १०१व्या वर्षी वारल्या. तोवर स्मरणाच्या चाचण्यांत त्यांना उत्तम गुण मिळत होते, आणि मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूत पुंजके व गुंते दोन्ही मुबलक सापडले. या भगिनींना ऐंशीव्या वर्षी कोणी केवळ प्रयोगशाळेचा अहवाल हाती दिला असता, तर उरलेली वर्षे त्यांनी कशी काढली असती?

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये अशा पहिल्या रक्तचाचणीला मान्यता दिली, तीही विस्मरणाची लक्षणे असलेल्या आणि तज्ज्ञांकडे आलेल्या रुग्णांपुरती. अमायलॉइड काढून टाकणाऱ्या लेकानेमॅब या औषधाने गेलेली स्मृती परत येत नाही. १८ महिन्यांच्या चाचणीत १८ गुणांच्या मोजपट्टीवर ऱ्हास औषध न घेतलेल्यांच्या तुलनेत सरासरी ०.४५ गुणांनी कमी झाला, आणि काही रुग्णांच्या मेंदूत सूज किंवा रक्तस्राव आढळला.

याचा अर्थ ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून विसराळूपणा सोडून द्यावा, असा मुळीच नाही. रोजच्या वाटेवर चुकणे, हिशेब न जमणे असे होऊ लागले, तर डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे. बी-१२ची कमतरता, थायरॉइडचा विकार, नैराश्य किंवा झोपेच्या गोळ्या यांमुळे आलेले विस्मरण उपचारांनी सुधारू शकते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे १४ धोके सांगितले. त्यांत रक्तदाब आणि मधुमेहाबरोबर ऐकू कमी येणेही आहे. चाळिशी आपण बिनदिक्कत नाकावर चढवतो. कानाचे यंत्र मात्र कपाटात पडून असते. (माझेही वर्षभर होते.)

अशा चाचण्यांच्या बातम्या छापताना चाचणी कोणासाठी आहे, हे शेवटच्या ओळीत न टाकता मथळ्याखालीच द्यावे, ही विनंती.

– एक ज्येष्ठ वाचक, सातारा