गोदाम पावतीवर ओलावाही लिहा

संपादक महोदय, कापसाच्या गोदाम पावतीवर, म्हणजे गोदामात ठेवलेला माल तारण धरून, कर्ज देण्याबद्दलचा तुमच्याकडचा लेख वाचला, कल्पना पटली, पण पावतीवर गाठींची संख्या आणि वजन असलं की बँकेचं भागलं असा जो सूर त्यात आहे तो मला मान्य नाही. कापूस हवेतला ओलावा घेतो नि सोडतो, व्यवहारात 8.5 टक्के ओलावा धरून वजनाचा हिशेब करतात, मग गाठ आत घेताना मोजलेला ओलावा पावतीवर का नको? रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, ओली असताना गाठ बांधली तर ती आतून पिवळी पडते, ग्रेड उतरते, आणि कागदावरचं तारण मात्र तेवढंच दिसत राहतं. गाठवार नंबर, ग्रेड, ओलावा आणि विम्याची मुदत एवढं तरी सक्तीचं करा. आणि बँकेच्या लेखी परवानगीशिवाय (इथेच सगळ्यात जास्त घोळ होतात) एकही गाठ गाडीत चढता कामा नये.

– एक वाचक