डेअरीचे स्टील क्लोरीनने खराब होते

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दूध संकलन केंद्रांत आणि लहान डेअऱ्यांत बल्क कूलर, पंप, पाइपलाइन सगळे स्टेनलेस स्टीलचे असते. त्यावर तपकिरी ठिपके दिसले की 'माल डुप्लिकेट निघाला' म्हणून पुरवठादाराशी भांडण सुरू होते. माल कधी खरेच हलका असतो, पण पुष्कळदा दोष धुण्याच्या पद्धतीत असतो.

स्टेनलेस स्टील टिकते ते क्रोमियम ऑक्साइडच्या काही नॅनोमीटर जाडीच्या थरामुळे. ओरखडा पडला तरी हवा लागून हा थर पुन्हा धरतो. क्लोराइड मात्र तो जागोजागी फोडतो. तिथे टाचणीच्या टोकाएवढे छिद्र पडते आणि आतल्या आत खोल जाते. गॅस्केटखाली किंवा क्लँपच्या खाचेत ओल साठते, ऑक्सिजन पोचत नाही, म्हणून सुरुवात बहुधा तिथूनच होते. महिन्यातून एकदा तरी गॅस्केट काढून खालची कडा बोटाने चाचपावी.

धुण्याचे पाणी तपासून घ्यावे. डेअरीत नेहमी वापरल्या जाणाऱ्या 304 ग्रेडच्या स्टीलसाठी क्लोराइड लिटरला 200 मिलिग्रॅमच्या आत असावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात मर्यादा 250 आहे, दुसरा स्रोत नसेल तर 1000 पर्यंत सूट. म्हणजे पिण्याला चालणारे बोअरचे पाणी यंत्राला बाधू शकते.

सर्वांत जास्त नुकसान निर्जंतुकीकरणाच्या हायपोक्लोराइटने, म्हणजे क्लोरीनच्या द्रावणाने, होते. 'जरा जास्त टाकू, रात्रभर राहू दे' ही सवय घातक आहे. 100 ते 200 पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम), थंड पाण्यात, 15 मिनिटे पुरे. मग स्वच्छ पाणी फिरवून टाकी पूर्ण निथळू द्यावी. पाइपलाइन व पाश्चरायझरसाठी क्रम असा: कोमट पाणी, 1 ते 1.5 टक्के कॉस्टिक सोडा 70-75 अंशांवर, पाणी, 0.5 ते 1 टक्का नायट्रिक अॅसिड 60-65 अंशांवर, पुन्हा पाणी. अॅसिडचा अंश राहिला आणि त्यावर हायपोक्लोराइट पडले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. कामगाराच्या जिवावर बेतते. दुधाचे खडे (आत चिकटलेला क्षारांचा कठीण थर) काढायला फरशीचे अॅसिड तर कधीच वापरू नये. ते हायड्रोक्लोरिक असते, स्टीलचा संरक्षक थरच उडवून लावते.

लोखंडी काथ्याने घासू नये. लोखंडावर चालवलेले ग्राइंडरचे चाक स्टीलवर लावू नये. त्यातले लोखंडाचे कण पृष्ठभागात रुततात आणि तेच आधी गंजतात. असा भाग तेलकटपणा काढून 4 ते 10 टक्के सायट्रिक अॅसिडमध्ये 50 ते 60 अंशांवर 20 मिनिटे ठेवावा व भरपूर पाण्याने धुवावा. वेल्डिंगजवळचा निळा-तपकिरी रंगही काढायलाच हवा. मात्र तो काढायच्या पिकलिंग पेस्टमध्ये घातक हायड्रोफ्लोरिक अॅसिड असते. हे काम प्रशिक्षित माणसानेच करावे.

लोहचुंबक लावून 202 हा हलका ग्रेड आणि 304 वेगळे ओळखता येत नाहीत. दोन्हींना तो जवळजवळ चिकटत नाही. म्हणून दूध संघांनी खरेदी करताना हीट नंबरसह (स्टीलच्या घाण्याचा क्रमांक) मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट मागावे, वेल्डिंगच्या भागांना कमी कार्बनचे 304एल घ्यावे आणि चीजच्या मिठाच्या पाण्याशी संबंध येणाऱ्या भागांना 2 ते 3 टक्के मोलिब्डेनम असलेले 316एलच. केंद्रचालकांच्या प्रशिक्षणात हायपोक्लोराइट मोजण्याच्या पट्ट्या वापरायलाही शिकवावे.

आपले,
दुग्धयंत्रांच्या देखभालीचे काम करणारे काही तंत्रज्ञ, कोल्हापूर