जॉन फीक्सच्या हातातली तार

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

लाइनमनच्या नव्या तुकडीला सुरक्षेचा पहिला तास कुठून सुरू करावा, असं तू विचारलंस. नियमांचा तक्ता पहिल्या दिवशी लावू नकोस, पोरं तो पाठ करतात आणि विसरतात. जॉन फीक्सपासून सुरुवात कर. सव्वाशे वर्षांहून जुनी गोष्ट आहे, पण त्या माणसाला ज्याने मारलं ते आजही तसंच मारतं.

फीक्स हा न्यूयॉर्कमध्ये वेस्टर्न युनियन या तार कंपनीचा लाइनमन. ११ ऑक्टोबर १८८९, शुक्रवार, दुपारच्या जेवणाच्या सुटीची वेळ. सिटी हॉलजवळ, सेंटर स्ट्रीट आणि चेंबर्स स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या खांबावर तो तारायंत्राच्या तारांचं काम करत होता. त्याने उघड्या उजव्या हाताने जवळची एक तार धरली. वीज उजव्या हातातून शिरली आणि डाव्या पायाच्या बुटाला असलेल्या लोखंडी काट्यातून बाहेर पडली. तो तिथल्या तिथे गेला. देह खाली पडला नाही, तारांच्या जाळ्यात अडकला आणि पाऊण तासाच्या आसपास तिथेच ठिणग्या उडवत जळत राहिला. खाली हजारोंची गर्दी जमली. त्याच्या बायकोसाठी लोकांनी त्याच खांबाला पत्र्याचा डबा ठोकून पैसे गोळा केले.

पोरांना हे सांगशील तेव्हा जळण्याच्या वर्णनात जास्त रेंगाळू नकोस. त्या काळच्या वर्तमानपत्रांनी ते पुरेसं केलं. पोरांकडून एकच प्रश्न सोडवून घे. फीक्सने धरलेली तार तारायंत्राच्या कामाची, कमी दाबाची समजली जात होती. मग तिच्यात मारणारा दाब आला कुठून?

आधी त्याचं रोजचं काम समजावून सांग, नाहीतर सगळे म्हणतील, हातमोजे नव्हते म्हणून मेला. तारायंत्राची लाइन म्हणजे एकच तार, परतीचा मार्ग जमिनीतून. तिला वीज बॅटरीच्या सेलमधून मिळे, एका सेलचा दाब साधारण एक व्होल्ट. असे अनेक सेल एकापुढे एक जोडले तरी लांबच्या लाइनवर दाब शे-दीडशे व्होल्टच्या घरात आणि प्रवाह अगदी कमी. म्हणजे हाताला झटका बसे, जीव सहसा जात नसे. पायाला काटे बांधून खांब चढायचा, कमरेचा पट्टा खांबाभोवती टाकायचा, खांबावरच्या आडव्या दांड्यावर (क्रॉस आर्मवर) बसवलेल्या, वीज अडवणाऱ्या काचेच्या इन्सुलेटरला तार बांधायची, तुटलेली जोडायची, ताण द्यायचा. या कामात उघडा हात हे हत्यारच होतं. त्यात हलगर्जीपणा काढू नये असं मला वाटतं. त्याच्या लाइनपुरती त्याची सवय बरोबर होती.

घोटाळा खांबावरच्या गर्दीत होता. मॅनहॅटनमधल्या काही खांबांवर शंभराहून अधिक तारा होत्या: तारायंत्र, टेलिफोन, आगीची सूचना देणाऱ्या तारा, आणि त्यांच्यातच दिव्यांच्या उच्च दाबाच्या तारा. बंद पडलेल्या कंपन्यांच्या तारा कोणी काढतच नसे, त्या तशाच लोंबत. तारा जमिनीखाली घालाव्यात असा कायदा राज्याने १८८४ सालीच केला होता. मार्च १८८८ च्या हिमवादळात खांबच्या खांब आडवे झाले, तरी काम रेंगाळलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तुटून लोंबणाऱ्या तारायंत्राच्या तारेला लागून एक मुलगा मेला, कारण त्या तारेत दिव्यांच्या लाइनची वीज उतरली होती. मेमध्ये दिव्यांच्या कंपनीचाच एक लाइनमन तार कापताना गेला. फीक्सच्या आधी दीड वर्ष शहराला इशारा मिळालेला होता.

दिव्यांच्या तारांचे दाबही सांग. रस्त्यावरचे आर्क दिवे (दोन कांड्यांमधल्या ठिणगीने उजळणारे) सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेले असत. एका दिव्याला साधारण ५० व्होल्ट, म्हणजे ५० दिव्यांच्या फेरीला (सर्किटला) अडीच हजार व्होल्ट, प्रवाह दहा अँपिअरच्या आसपास. उद्योजक वेस्टिंगहाउसच्या एसी (सतत दिशा बदलणाऱ्या विजेच्या) पद्धतीत मुख्य लाइन १,००० व्होल्टची, घराजवळ ट्रान्सफॉर्मरने ५० व्होल्टवर उतरवलेली. या तारांवर रंगात भिजवलेल्या सुती धाग्याचं वेष्टन असे. ते मुळात आग लागू नये म्हणून होतं. पाऊस, ऊन आणि घासण्याने काही महिन्यांत त्याच्या चिंध्या होत.

आता मुख्य मुद्दा. फीक्सच्या खांबापासून कितीतरी चौक पलीकडे कुठेतरी ती तार एका उच्च दाबाच्या एसी लाइनला टेकली होती. तिथे तारेवर तार घासली, वेष्टन उडालं आणि तारायंत्राची आख्खी लांबी त्या दाबाला पोहोचली. नक्की कोणत्या लाइनमधून वीज आली ते शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही, जवळून युनायटेड स्टेट्स इल्युमिनेटिंग या दिव्यांच्या कंपनीच्या लाइन जात होत्या एवढंच. खांबावरून डोळ्यांनी ही गाठ दिसणं शक्यच नव्हतं. तारेचा रंग बदलत नाही, आवाज येत नाही.

‘मग फ्यूज का उडाला नाही?’ हा प्रश्न हुशार पोरगा विचारणारच. त्याचं उत्तर वर्गात नीट दे, कारण इथे भलेभले अडखळतात. त्या दिव्यांच्या लाइनचं कोणतंही टोक जमिनीला जोडलेलं नसे. अशी लाइन एका जागी टेकली तर प्रवाहाला परतीचा रस्ताच नसतो, त्यामुळे काहीच घडत नाही. दिवे लागलेले राहतात, वीजघरात मीटरचा काटा हलत नाही. सिरीजमधल्या आर्क फेरीत तर नियामक (रेग्युलेटर) प्रवाह मुद्दाम स्थिर ठेवतो, म्हणून एखादा दोष आला तरी तो फुगून फ्यूजपर्यंत पोहोचत नाही. हा पहिला दोष आठवडाभर तसाच राहू शकतो. मग लाइनची दुसरी बाजू कुठेतरी ओलसर भिंतीला किंवा दुसऱ्या तारेला लागते, आणि या दोन जागांच्या मध्ये कोणीतरी हात घालतो. त्या क्षणी फेरी माणसातून पूर्ण होते. हाच हिशेब आज जमिनीपासून अलग ठेवलेल्या सप्लायला लागू आहे, म्हणूनच तिथे पहिला दोष ओरडून सांगणारं यंत्र बसवतात.

माणसातून गेलेल्या प्रवाहाचा आकडा पोरांकडूनच काढून घे. कोरडी त्वचा हजारो ओहम अडवते, पण काही शे व्होल्टला ती फाटते आणि हात ते पाय हा मार्ग साधारण १,००० ओहमचा उरतो. १,००० व्होल्ट भागिले १,००० ओहम म्हणजे एक अँपिअर. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेला १० ते १५ मिलिअँपिअरच्या वर बोटं आवळली जातात, तार सोडता येत नाही. छातीतून १०० मिलिअँपिअरच्या आसपास गेले की हृदयाची लय तुटून ते नुसतं थरथरतं. उजवा हात ते डावा पाय या वाटेवर छाती येतेच. फीक्सला या शेवटच्या आकड्याच्या दहापट मिळालं असावं. २३० व्होल्टला हाच भागाकार कर, आकडा २३० मिलिअँपिअर येतो. ‘घरचा करंट काय करतो’ म्हणणाऱ्यांचं तोंड तेवढ्याने बंद होतं.

या मृत्यूनंतर जे झालं त्याबद्दल माझं मत कडू आहे. एडिसनने नोव्हेंबर १८८९ मध्ये नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यूमध्ये लेख लिहून एसीवरच बंदी मागितली. त्याचा धंदा डीसीचा, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा होता. डिसेंबरमध्ये वेस्टिंगहाउसने उत्तर दिलं की ट्राम, गाड्या आणि गॅस यांनी विजेपेक्षा कितीतरी जास्त माणसं मरतात. महापौर ह्यू ग्रँटने धोकादायक तारा उतरवायला सांगितल्या, कंपन्यांनी कोर्टातून मनाई आणली, डिसेंबरमध्ये ती उठली आणि कुऱ्हाडी घेऊन माणसं खांबांवर तुटून पडली. शहराचे मोठे भाग अंधारात गेले. एवढ्या गदारोळात लाइनमनने तार धरण्याआधी काय करावं हे कोणी विचारलं नाही. तो विचार कामगारांनीच सुरू केला. १८९१ मध्ये सेंट लुईसला त्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिचा पहिला अध्यक्ष हेन्री मिलर हा स्वतः लाइनमन, १८९६ मध्ये वॉशिंग्टनला खांबावर शॉक बसून खाली पडला आणि गेला.

आता फीक्सला आजच्या पद्धतीने काय वाचवलं असतं ते क्रमाने सांग. लाइन बंद करणं, जोड उघडा झालेला डोळ्यांनी पाहणं, कुलूप आणि पाटी, कामाची लेखी परवानगी (परमिट). यातलं एकही त्याला वाचवू शकलं नसतं, हे पोरांना दाखवून दे! त्याची स्वतःची लाइन बंदच असल्यासारखी होती. परमिट तुमच्या फीडरचं (वीजघरातून निघणाऱ्या तुमच्या लाइनचं) मिळतं, बाहेरून टेकलेल्या तारेचं किंवा कोणाच्या जनरेटरमधून उलटा आलेल्या रिटर्न सप्लायचं मिळत नाही. वाचवणाऱ्या गोष्टी पुढच्या दोन.

पहिली, जिथे हात लावायचा तिथेच टेस्टरने पाहणं. टेस्टर आधी चालू असल्याची खात्री असलेल्या जागी लावून बघायचा, मग आपल्या तारेला, मग पुन्हा चालू जागी. मधल्या वेळी त्याचा सेल संपला तर ‘लाइन मेली’ हे खोटं उत्तर मिळतं, म्हणून तिसरी पायरी. टेलिफोनच्या तारा आणि दिव्यांच्या खांबाचे ब्रॅकेटही टेस्टरने तपासायच्या यादीत घाल.

दुसरी, अर्थिंग, म्हणजे बंद तार मुद्दाम जमिनीला जोडणं, आणि इथे थोडा वेळ घे. क्लॅम्प आधी अर्थच्या बाजूला, नंतर इन्सुलेटेड काठीने तारेला. काढताना उलटं. क्रम चुकला तर चालू तारेला जोडलेलं सुटं टोक हातात येतं. पण जमिनीत नुसता एक रॉड ठोकून काम संपत नाही. समज, रॉडचा रोध १० ओहम आहे आणि लाइन चुकून चालू होऊन त्यातून ३०० अँपिअर गेले. रॉड ३,००० व्होल्टला उचलला जातो आणि त्याला बांधलेली तारही. माणूस दोन खांब पलीकडे असेल तर हातातली तार ३,००० व्होल्टला आणि त्याच्या पायाखालचा खांब जमिनीच्या जवळपास. म्हणून सगळे फेज (वीज नेणाऱ्या तारा) आणि न्यूट्रल (परतीची तार) एकमेकांना शॉर्ट करून, कामाच्याच खांबावर पायाखाली धातूचा पट्टा बांधून त्याला जोडायचे. हात आणि पाय एकाच दाबाला राहिले की दाब कितीही उचलला गेला तरी शरीरातून जाणारा वाटा क्षुल्लक राहतो. वर फ्यूजही तत्काळ उडतो, कारण आता प्रवाहाला तांब्याची जाड वाट मिळालेली असते.

हातमोज्यांचं थोडक्यात. रबरी मोज्यांत क्लास ० हे १,००० व्होल्टपर्यंत, क्लास २ हे १७,००० पर्यंत. वर चामड्याचे मोजे घालायचेच, नाहीतर रबराला टोचतं. रोज मनगटाकडून गुंडाळून हवा कोंडायची आणि कानाशी धरून गळती ऐकायची. ही चाचणी पोरांकडून रोज समोर करून घे, लिहून घेऊन उपयोग नाही.

फळ्यावर आकृती काढशील तेव्हा फीक्सचा एकच खांब काढू नकोस. डावीकडे तो खांब काढ, उजवीकडे दूरवर तारेवर तार टेकलेली दाखव, आणि मध्ये रिकामे चौक ठेव. मग एकाला उभं करून विचार की वीजघरात बसलेल्या माणसाला यातलं काय दिसलं असेल. उत्तरं काय येतात ते मला कळव.

तुझा,
मित्र