बचाव नमुन्याच्या बाटलीत असतो

महोदय,

मद्यपान करून गाडी चालवताना कुणाला जखमी केल्याच्या खटल्यात बचावाचा वकील दारू आणि निष्काळजीपणा हे दोन मुद्दे आधी वेगळे करतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ (मद्यपान करून गाडी चालवणे) साठी १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल सिद्ध व्हावे लागते. तोंडाचा वास आणि अडखळती चाल एवढे पुरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच महाराष्ट्रातल्या एका खटल्यात सांगितले आहे.

खरी उलटतपासणी होते ती नमुन्यावर. रक्त किती वाजता घेतले? सुई टोचण्याआधी त्वचा स्पिरिटने तर पुसली नाही? बाटलीत सोडियम फ्लोराइड (नमुना टिकवणारे रसायन) होते का? नसेल आणि नमुना उष्णतेत पडून राहिला, तर जंतूंमुळे बाटलीतच अल्कोहोल तयार होऊ शकते. लाखेचे सील, लेबल, मुद्देमाल नोंदवही आणि प्रयोगशाळेची पोच यांतला एकही दुवा तुटला की अहवाल डळमळतो. रुग्णालयाने सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) तपासले असेल तर आकडा संपूर्ण रक्तापेक्षा जास्त येतो, हेही अनेकदा कुणी विचारत नाही.

अर्थात कलम १८५ गळले म्हणून आरोपी सुटला असे नव्हे. भारतीय न्याय संहितेची कलमे २८१ (बेदरकार वाहन चालवणे) आणि १२५ (इतरांच्या जिवाला धोका होईल असे कृत्य) उरतातच. तिथे सीसीटीव्ही, पंचनाम्यातल्या ब्रेकच्या खुणा आणि ब्रेक तपासणीचा अहवाल बोलतो. 'नशेत कळलेच नाही' हा बचाव मात्र स्वतःहून प्यायलेल्याला मिळत नाही. शिवाय जखमीचा भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात स्वतंत्र चालतो.

— एक वकील, पुणे