लाइव्ह अल्बम म्हणजे नुसता आरडाओरडा नव्हे

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीतला लाइव्ह अल्बमवरचा लेख वाचला. थ्रॅश मेटलचे, म्हणजे सुसाट वेगाच्या दणदणीत रॉकचे, लाइव्ह अल्बम म्हणजे तीच जुनी गाणी आणि वर पब्लिकचा आरडाओरडा, त्यावर पैसे कशाला घालवायचे असं लेखकांनी एका ओळीत उडवून लावलंय. राहवलं नाही म्हणून लिहितोय, पत्र लांबलं तर कापा, फक्त स्लेयर या थ्रॅश बँडचा भाग ठेवा.

मी राहतो ठाण्यात, नोकरी तुर्भ्याला, म्हणजे रोजची ट्रान्स हार्बर लोकल. 'डिकेड ऑफ अ‍ॅग्रेशन' हा स्लेयरचा १९९१ चा डबल लाइव्ह अल्बम, लंडनचं वेम्बली अरेना आणि अमेरिकेतले शो मिळून केलेला, मी किती वर्षं ऐकतोय ते बायकोला विचारा. तर परवा गाडीत इअरफोनची एक बाजू गेली, म्हटलं जाऊदे एका कानाने ऐकू, तर ऐन सोलोच्या, म्हणजे गिटारच्या एकट्या तानेच्या, जागी सोलोच नाही! ड्रम चालू, गायक टॉम अरायाचं ओरडणं चालू, आणि गिटार आपली खाली मान घालून साथीचा रिदम खरडतेय. मी फोनला दोन चापट्या पण मारल्या. ऐरोली गेल्यावर ट्यूब पेटली, अरे गिटारवाले दोन, जेफ हॅनेमन एका बाजूला आणि केरी किंग दुसऱ्या बाजूला अशी सरळ वाटणी आहे या रेकॉर्डिंगमध्ये. इतकी वर्षं मी दोघांना मिळून एकच आवाज समजत होतो.

रात्री मुलाचा हेडफोन घेतला आणि आधी एक बाजू, मग दुसरी असं ऐकत बसलो. गणपतीत दोन ताशेवाले समोरासमोर वाजवतात ना, बोल तोच पण हात वेगळा, अगदी तसं. आणि मधे डेव्ह लोम्बार्डो दोन्ही पायांनी बेस ड्रम कुटतोय, तो मात्र दोन्हीकडे. आता हे नुसतं तीच गाणी परत वाजवणं आहे का?

लाइव्हच्या नावाखाली लबाडी चालते हे लेखकांचं म्हणणं मला मान्य आहे. जुडास प्रीस्ट या मेटल बँडच्या १९७९ च्या लाइव्ह अल्बममधलं गायन नंतर स्टुडिओत परत केलं होतं, स्वतः त्यांचा गायक रॉब हॅलफर्डनेच कबूल केलंय. पण मैफलीच्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये खोकला ऐकू येतो, कोणीतरी मधेच वाहवा म्हणतं, तानपुरा परत लावतात, ते आपण कौतुकाने ऐकतोच की. मग मेटलवाल्यांनीच काय घोडं मारलंय.

आणि आम्ही दुसरं ऐकायचं तरी काय? नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०१९ ला यू टू आले, २०२५ ला कोल्डप्लेचे तीन शो झाले, चांगलंच झालं, पण मेटलमधले मेटालिका २०११ ला आणि स्लेयर २०१२ ला ऐकायचे तर बंगलोर गाठावं लागलं. मला रजा मिळाली नाही. जे मित्र गेले ते अजून फोटो दाखवून जळवतात, पण तेव्हा हॅनेमन आजारी होता, त्याच्या जागी गॅरी होल्ट वाजवत होता, आणि पुढच्याच वर्षी, २०१३ ला, हॅनेमन गेला. म्हणजे त्याला स्टेजवर त्यांनी पण नाही ऐकलं.

माझ्या इअरफोनची जी बाजू गेली ती नेमकी त्याचीच. स्टेशनबाहेरून दीडशेचा नवीन घेतलाय, वाजतो पत्र्यासारखा, पण दोन्हीकडून वाजतो.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे (पूर्व)